सणाच्या रात्रीचा पडदा आणि हरवलेला सूत्रधार

नाताळच्या रात्री घरोघरी भेटवस्तू वाटणारा म्हातारा एकाएकी नाहीसा होतो. मुलांचा विश्वास तुटू नये म्हणून त्याची जागा घेतो तो साक्षात मृत्यू. अंगावर लाल झगा, हाडांच्या हनुवटीला खोटी दाढी, पोट दिसावे म्हणून आत कोंबलेली उशी, अशा थाटात हा सापळा धुराड्यातून उतरतो आणि अत्यंत गंभीरपणे आपले नवे कर्तव्य बजावू लागतो. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या ‘हॉगफादर’ या १९९६ सालच्या विनोदी अद्भुत कादंबरीची ही मध्यवर्ती कल्पना. दहा वर्षांनी, १७ आणि १८ डिसेंबर २००६ रोजी, ब्रिटनमधील स्काय वन या वाहिनीने तिचे सुमारे तीन तासांचे रूपांतर दोन भागांत, नाताळची खास मेजवानी म्हणून दाखवले. दिग्दर्शन वादिम जीन यांचे होते.

प्रेक्षकांचे दोन तट पडले. ज्यांनी कादंबरी वाचली होती त्यांना ती मनातल्या चित्राच्या पुष्कळ जवळ गेलेली वाटली. संवाद बरेचसे मुळातले, पात्रे ओळखीची, बर्फाळ नगरीचा देखावा मनासारखा. ज्यांनी वाचली नव्हती त्यांची तक्रार अशी की गोष्ट संथ आहे, कोण कोणाच्या जिवावर उठले आहे ते लवकर कळत नाही, आणि हा खेळ मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी तेही उमगत नाही. पडदा एकच, रात्रही एकच. तरीही दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. हे कसे घडते, हा प्रश्न एका परकीय मालिकेपुरता मर्यादित नाही. मराठी वाचकाने आपल्या आवडत्या पुस्तकाबाबत तो कधी ना कधी अनुभवला आहे.

गोष्ट काय आहे

प्रॅचेट (१९४८–२०१५) यांनी १९८३ पासून एका काल्पनिक जगावर एक्केचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. हे जग थाळीसारखे सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर तोललेले आहे आणि हे हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत. कूर्मावताराची आणि दिग्गजांची ओळख असलेल्या आपल्या वाचकाला या रचनेचे फारसे नवल वाटू नये. ‘हॉगफादर’ ही या मालेतील विसावी कादंबरी.

तिच्यातल्या जगात हिवाळ्याच्या ऐन मध्यावर एक सण येतो. त्या रात्री चार रानडुकरांच्या गाडीतून हॉगफादर भेटी वाटत फिरतो. विश्वाचा हिशेब ठेवणाऱ्या काही अदृश्य शक्तींना माणसाची कल्पनाशक्ती म्हणजे निव्वळ अव्यवस्था वाटते. त्या हॉगफादरला संपवण्याची सुपारी मारेकऱ्यांच्या संघाला देतात. हे काम टीटाइम नावाच्या एका तरुणाकडे जाते. आपले आडनाव चहाच्या वेळेसारखे न उच्चारता चार अक्षरी उच्चारावे, असा त्याचा हट्ट असतो. ज्याला देह नाही त्याला मारायचे कसे? टीटाइमचे उत्तर भयंकर आणि तर्कशुद्ध आहे: मुलांचा त्याच्यावरचा विश्वासच काढून घ्यायचा. त्यासाठी तो मुलांचे पडलेले दुधाचे दात जिथे साठवले जातात त्या किल्ल्यावर कब्जा मिळवतो. मृत्यू भेटी वाटत असताना त्याची नात सुझन, जी एका सुखवस्तू घरात मुले सांभाळते आणि पलंगाखालचे राक्षस शेगडीच्या सळईने हाकलते, या कटाचा माग काढते.

विनोद राहतो कुठे

हा सगळा तपशील पडद्यावर दाखवता येतो. रानडुकरे दाखवता येतात, किल्ला उभारता येतो, बर्फ पाडता येतो. मात्र या कादंबरीतला विनोद घटनांमध्ये फारसा नाही. तो आहे घटना सांगणाऱ्याच्या आवाजात. प्रॅचेटचा निवेदक कोणत्याही पात्राच्या डोक्यात बसलेला नसतो. तो जरा उंचावर, बाजूला उभा असतो आणि वाचकाच्या कानाशी लागून बोलतो. एखाद्या गंभीर वाक्याला तो तळटीप जोडतो, तळटिपेत भलतीच हकिकत सांगतो आणि पुन्हा काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने मूळ गोष्टीकडे वळतो. वाचक हसतो तो या वळणावर. छायाचित्रकाराला टिपता येईल असे त्या ठिकाणी काहीच घडत नसते.

एक उदाहरण मराठी वाचकाला विशेष उद्बोधक वाटेल. या कादंबऱ्यांत मृत्यूचे बोलणे अवतरणचिन्हांशिवाय, इंग्रजीतल्या छोट्या आकाराच्या मोठ्या लिपीत छापलेले असते. ते ‘ऐकू’ येत नाही, थेट मनात उमटते, असा त्याचा अर्थ. निव्वळ अक्षरजुळणीतून लेखकाने एक आवाज निर्माण केला. आपल्या देवनागरीत लहान आणि मोठी लिपी असा भेदच नाही, त्यामुळे कोणी मराठी अनुवाद करायला बसला तर पहिल्याच संवादाला त्याची लेखणी अडेल. तो भेद त्याला शब्दांतून, कदाचित जुन्या वळणाच्या भाषेतून, उभा करावा लागेल.

रूपांतरकारांपुढेही हाच पेच होता. त्यांनी मृत्यूचे काम दोघांत वाटले. सापळ्याच्या वेशात वावरला तो मार्निक्स व्हान डेन ब्रुक हा उंच नट, तर आवाज दिला इयन रिचर्डसन यांनी. ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या १९९० च्या मालिकेतील धूर्त राजकारण्याच्या भूमिकेमुळे हा आवाज ब्रिटनच्या घराघरांत पोचलेला होता. मुखवट्याचा जबडा हलत नाही, डोळ्यांत निळसर ठिणगीपलीकडे काही नाही, आणि तरीही त्या खर्जातल्या, संथ, किंचित गोंधळलेल्या स्वरातून मृत्यूचा निरागसपणा पोचतो. रूपांतरातील ही बाजू दोन्ही तटांना मानवली. प्रक्षेपणानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २००७ रोजी, रिचर्डसन यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या कामांपैकी हे एक ठरले.

बाकी ठिकाणी निवेदक गैरहजरच राहिला. वाचकांना त्याची उणीव भासली नाही, कारण त्यांनी तो आपल्याबरोबर आणला होता. टीटाइम आपल्या नावाचा उच्चार सुधारतो तेव्हा पुस्तकातली त्याची सगळी कुंडली वाचकाच्या मनात जागी होते. नव्या प्रेक्षकाला दिसतो तो फक्त एक विचित्र स्वरात बोलणारा तरुण. मार्क वॉरन यांनी या भूमिकेसाठी योजलेल्या पातळ, बालिश स्वरावरून मतभेद झाले ते यामुळेच. एकाला तो अंगावर काटा आणणारा वाटला, तर दुसऱ्याला जॉनी डेप यांच्या एका गाजलेल्या भूमिकेची नक्कल. संथपणाची तक्रारही येथूनच उगवते. पडद्यावरच्या ज्या क्षणी काही घडत नाही त्या क्षणी वाचकाच्या मनात तळटीप चालू असते, आणि न वाचलेला प्रेक्षक नुसता थांबलेला असतो.

बडोदे ते सुरत

हाच अनुभव आपल्या जवळच्या साहित्यात शोधायला गेल्यास पहिले नाव येते चिं. वि. जोशी यांचे. त्यांचे बरेचसे आयुष्य बडोद्यात गेले. तिथे त्यांनी पाली भाषा शिकवली आणि संस्थानच्या दप्तरखान्यात काम केले. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, आणि त्या कृष्णधवल मालिकेने पुस्तक न वाचलेल्यांनाही आपलेसे केले. बाळ कर्वे यांना पुढे आयुष्यभर लोक गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखत राहिले.

येथे दोन तट का पडले नाहीत? कारण चिमणरावांच्या गोष्टी सांगतात ते स्वतः चिमणराव. निवेदक हा कथेतलाच एक भित्रा, भाबडा, स्वतःची फजिती प्रामाणिकपणे मांडणारा गृहस्थ. त्याचा आवाज नटाच्या चेहऱ्यात, खांद्यांच्या आक्रसण्यात, अडखळत्या बोलण्यात उतरू शकतो. प्रॅचेटचा निवेदक कोणाच्याच अंगात शिरू शकत नाही, चिमणराव मात्र प्रभावळकरांच्या अंगात शिरू शकले.

बडोद्याहून थोडे दक्षिणेला उतरले की सुरत लागते. गुजराती विनोदाचे मोठे नाव असलेले ज्योतींद्र दवे याच शहरात १९०१ साली जन्मले. धनसुखलाल मेहता यांच्यासह त्यांनी लिहिलेली ‘अमे बधां’ ही १९३६ सालची कादंबरी जुन्या सुरतेतल्या घरगुती जीवनाचे हसरे चित्र आहे, आणि तिचाही घाट आत्मकथनाचा आहे. गुजराती विनोदाला हा ‘मी’ मानवतो. तारक मेहता यांनी १९७१ पासून ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात जगाकडे उलट्या चष्म्यातून पाहणारे सदर चालवले, त्याचाही प्राण तोच. २८ जुलै २००८ पासून सब वाहिनीवर त्या सदराची हिंदी मालिका सुरू झाली, तेव्हा निर्मात्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. त्यांनी लेखकालाच पात्र बनवले. ‘तारक मेहता’ नावाचा रहिवासी गोकुळधाम सोसायटीत राहतो, घडामोडींत भाग घेतो आणि अधूनमधून प्रेक्षकांकडे वळून बोलतो.

या योजनेचा परिणाम पाहायचा तर सुरत हे उत्तम ठिकाण आहे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून कापडधंद्याच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तिथली महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. एकाच गल्लीत गुजराती शेजाऱ्याला जेठालाल आणि चंपकलाल छापील सदरातून ठाऊक असण्याची शक्यता आहे, तर मराठी शेजाऱ्याची त्यांच्याशी पहिली भेट पडद्यावरच व्हायची. पडद्यावर मात्र गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी साजरी करणाऱ्या त्या सोसायटीत भिडे मास्तरांचे मराठी घरही आहे. सदर वाचलेल्याला मूळ लेखणीचा तिखटपणा मालिकेत निवळलेला वाटणे स्वाभाविक आहे. पण न वाचलेला प्रेक्षक बाहेर ताटकळत राहत नाही, कारण त्याला हात धरून आत नेणारा सांगणारा पडद्यावर हजर असतो.

अद्भुताची आणखी एक तऱ्हा

अद्भुत कादंबरीच्या बाबतीत आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’. ही हिंदी कादंबरी १८८८ साली प्रथम प्रसिद्ध झाली. ऐयार आणि तिलिस्म यांनी भरलेली ही कथा वाचता यावी म्हणून अनेक जण हिंदी शिकले, असे सांगितले जाते. नीरजा गुलेरी यांची मालिका दूरदर्शनवर १९९४ मध्ये आली, तेव्हा खत्रींच्या वाचकांना कादंबरी तिच्यात ओळखू येईना, इतकी ती मूळ कथेपासून दूर गेली होती. पण रविवारच्या सकाळी तिच्यासमोर बसणाऱ्या मुलांना त्याचे सोयरसुतक नव्हते. अखिलेंद्र मिश्र यांनी रंगवलेला क्रूरसिंह, त्याच्या भुवया आणि तो ‘यक्कू’ हा उद्गार त्या पिढीला आजही आठवतो.

‘हॉगफादर’ने मुळाला धरून राहणे पसंत केले आणि नवा प्रेक्षक थोडा दुरावला. ‘चंद्रकांता’ने मूळ सोडले, नवा प्रेक्षक मिळवला आणि वाचक दुखावला. निवेदकाचा आवाज पडद्यावर नेता येत नसेल तर त्याच्या जागी पडद्याचे स्वतःचे काहीतरी उभे करावे लागते, हे क्रूरसिंहाने दाखवून दिले. त्याची किंमत मात्र पुस्तकाने मोजली.

नाईक आणि संकासुर

गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या वाचकाला या पेचावरचा एक जुना तोडगा जत्रेच्या रंगमंचावर सापडेल. दशावताराच्या आरंभी, आडदशावतारात, संकासुर येतो. काळा वेश, लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा हा असुर लहान मुलांना आईच्या पदराआड पाठवतो आणि दुसऱ्याच क्षणी आपल्या वेड्यावाकड्या बोलण्याने सगळ्या मांडवाला हसवतो. देवळासमोर, उत्सवाच्या रात्री, भीती आणि हसू एकत्र नांदवणारे हे अद्भुतच आहे.

त्या रंगमंचावर नाईक असतो. हा सूत्रधार गातो, पात्रांशी बोलतो, त्यांना प्रश्न विचारतो, प्रेक्षकाच्या मनातली शंका स्वतःच काढतो. संकासुराची कथा पुराणातून ठाऊक असलेली आजी आणि ती प्रथमच पाहणारा नातू यांच्यामधले अंतर तो बोलता बोलता भरून काढतो. छापील पुस्तकातल्या तळटिपेचे काम इथे एक जिवंत माणूस करतो. दूरचित्रवाणीने कथा घेतली, वेश घेतले, देखावे तर कितीतरी पटींनी वाढवले. सूत्रधाराला मात्र तिने बहुतेक वेळा दाराबाहेर ठेवले.

सणाच्याच दिवशी का

मतभेद सणाच्या कार्यक्रमाबाबत अधिक तीव्र होतात, याचेही कारण आहे. एरवी जो तो आपल्या आवडीचे पाहतो. सणाला सगळे घर एका पडद्यासमोर बसते. वाचलेला, न वाचलेला, सहा वर्षांचा आणि साठ वर्षांचा, सगळे एका बाकावर. त्यात सणाच्या कथेकडून प्रत्येकाची अपेक्षा गोडाची असते, आणि ‘हॉगफादर’ गोड नाही. लाल झग्यातला हसरा म्हातारा मुळात हिवाळ्यातल्या शिकारीचा, बर्फावर सांडलेल्या रक्ताचा देव होता, सूर्य परत यावा म्हणून दिलेल्या बळीची ती स्मृती आहे, असे ही कथा सुचवते. मुलांना हे दाखवावे का, ही पालकांची शंका तिथूनच आली.

शेवटी नात आजोबांना विचारते की हे सगळे कशासाठी. त्यावर मृत्यू जे सांगतो त्याचा आशय असा: न्याय, दया, कर्तव्य या गोष्टी विश्वात कुठेही पदार्थरूपाने सापडत नाहीत. माणसे त्यांच्यावर विश्वास ठेवतात म्हणून त्या असतात. त्या मोठ्या विश्वासाची तयारी म्हणून मुलांनी लहानपणी अशा छोट्या कल्पितांवर विश्वास ठेवायला शिकावे लागते. हॉगफादर वाचला नसता तर सूर्य उगवला नसता, आकाशात नुसता एक जळता वायूचा गोळा दिसला असता.

नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात जे घडते ते आठवल्यास हे बोलणे परके वाटणार नाही. कागद, गवत आणि काठ्या यांचा तो नरकासुर कोणी बांधला, त्याचे डोळे कोणी रंगवले, हे वाड्यावरच्या पोराला पक्के ठाऊक असते. बहुधा त्यानेच खळ लावलेली असते. तरीही उजाडण्याआधी त्याचे दहन झाले पाहिजे, मग अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट, आणि नंतर फोव. असुर कागदाचा आहे हे माहीत असणे आणि तो जळल्यावर सकाळ झाल्यासारखे वाटणे, या दोहोंत त्या पोराला विसंगती दिसत नाही. प्रॅचेटचा मृत्यू नेमके हेच आपल्या नातीला समजावत होता.

बाकावरचा नाईक

‘हॉगफादर’चे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ब्रिटनमध्ये अनेक घरांत ते दर डिसेंबरला पुन्हा पाहिले जाते. पुनःपुन्हा पाहणाऱ्याला संथपणा जाचत नाही, कारण दुसऱ्या खेपेला तोही जाणता झालेला असतो. आणि पहिल्या खेपेला त्याच्या शेजारी बहुधा कोणीतरी कादंबरी वाचलेले बसलेले असते. ते मध्येच वाकून सांगते की हा असा का बोलतो, त्या दातांचे काय, ही सळई कुठून आली. पडद्याने वगळलेला सूत्रधार अशा वेळी बाकावरून बोलतो.

म्हणूनच रूपांतर फसले की साधले, याचा निकाल पडद्याइतकाच समोर बसलेल्यांवरही अवलंबून असतो. घरात एकाने जरी पुस्तक वाचलेले असले तरी बाकीच्यांची पाहण्याची तऱ्हा बदलते. उद्या एखाद्या वाहिनीने दिवाळीत चिमणराव नव्याने आणले, तर वेशभूषा झकास असेल, वाडाही हुबेहूब उभा राहील. मुलांना त्यातले काही हसू समजेल, काही हुकेल. हुकलेल्या ठिकाणी त्यांनी वळून विचारले, तर उत्तर देणारे कोणी त्या खोलीत असेल की नाही, ते मात्र कोणतीही वाहिनी ठरवू शकत नाही. घरातल्या कपाटात चिं. वि. जोशींचे एखादे पुस्तक असेल, तर दिवाळीपूर्वी ते मुलांसमोर मोठ्याने वाचायला पुरेसा अवधी असतो. त्यातला एक प्रसंग सांगायला अर्धा तास पुरतो.